भिंतीवरच्या यंत्राचे पाणी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही श्रोत्यांना हसू येईल. एसीतून पाणी का ठिबकते आणि त्याचे करायचे काय, हा काय आकाशवाणीवरून बोलण्याचा विषय झाला? ही शहरातल्या माणसाची तक्रार, तिच्याशी आम्हां खेड्यातल्या लोकांना काय कर्तव्य, असेही कुणी म्हणेल. परंतु आता तसे राहिलेले नाही. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत, औषधांच्या दुकानात, शाळेच्या संगणकाच्या खोलीत हे यंत्र येऊन बसले आहे. मुलगा मुंबईला नोकरीला असला तर म्हाताऱ्या आईवडिलांच्या खोलीतही ते आले आहे. आणि यंत्र आले की त्याच्या मागोमाग त्याचे पाणीही आलेच.

मी भूगोलाचा प्राध्यापक. वर्गात वर्षानुवर्षे मुलांना आर्द्रता, दवबिंदू, सांद्रीभवन हे शब्द शिकवतो, फळ्यावर आकृत्या काढतो. पण या शब्दांनी माझीच परीक्षा घेतली, ती एका वैशाखात, शेजाऱ्याच्या भिंतीवरून.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. माझ्या आईला उकाडा सोसत नाही, म्हणून चैत्रात तिच्या खोलीत एक टनाचा एसी बसवला. बसवणाऱ्या माणसाने पाण्याची नळी भिंतीतून बाहेर काढली आणि तशीच लोंबती सोडून तो निघून गेला. आमच्या आणि शेजारच्या तात्यांच्या घरामध्ये तीन फुटांचा बोळ आहे. त्या बोळात ते पाणी रात्रभर टपटपत असे. आम्हांला त्याचा पत्ताही नव्हता. खिडकी बंद, आत गार वारा, आम्ही सुखाने झोपत होतो.

दोन महिन्यांनी एका सकाळी तात्या अंगणात येऊन उभे राहिले. म्हणाले, "सर, विहिरीचा तळ दिसायला लागलाय, आणि माझी भिंत ओली कशी? वैशाखात भिंत भिजलेली कधी पाहिलीत?"

मी म्हटले, "अहो तात्या, थेंब थेंब तर पडतंय. त्यानं काय भिंत पडणार आहे का?"

तात्या काही बोलले नाहीत. मला बोळात घेऊन गेले आणि भिंतीला नुसते बोट लावले. जोत्यापासून हातभर उंचीपर्यंतचा मातीचा गिलावा भिजल्या पोह्यांसारखा त्यांच्या बोटाबरोबर निघून आला. त्यांची भिंत मातीची, फक्त जोते तेवढे जांभ्याचे. त्या भिंतीला लागूनच आत त्यांची दोन नातवंडे झोपतात. पुढे महिन्याभरात पाऊस लागणार होता, आणि आधीच भिजलेली मातीची भिंत पावसात काय करते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मी ओशाळलो. 'थेंब थेंब' म्हणणाऱ्या भूगोलाच्या प्राध्यापकाने तो थेंब कधी मोजला नव्हता.

त्या रात्री दहा वाजता मी नळीखाली बादली ठेवली. सकाळी सहाला लिटरच्या मापाने पाणी मोजले. आठ लिटर भरले. म्हणजे तासाला एक लिटर. दोन महिन्यांच्या साठ रात्री धरल्या तर चारशे ऐंशी लिटर, म्हणजे दोनशे लिटरची जवळजवळ अडीच पिंपे. विहिरीवर हंड्यांची रांग लागलेली असताना मी अडीच पिंपे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत मुरवले होते.

आता हे पाणी आले कुठून? एसीला नळाची तोटी जोडलेली नसते. यंत्राच्या पोटात पाण्याची टाकीही नसते. तात्यांनाही हाच प्रश्न पडला होता. आणि पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की, यंत्रातला 'गॅस' वितळून त्याचे पाणी होते. तसे मुळीच नाही. तो गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो, त्याचा बाहेरच्या हवेशी काही संबंध येत नाही. पाणी येते ते खोलीतल्या हवेतून.

हवेत पाणी असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसते ते फक्त तिने ते टाकून दिल्यावर. गरम हवेला पुष्कळ वाफ पोटात ठेवता येते, गार हवेला थोडी. तीस अंश उष्णतेची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे तीस ग्रॅम वाफ धरून ठेवते. तीच हवा दहा अंशांपर्यंत थंड केली तर तिला नऊ-साडेनऊ ग्रॅमच पेलतात. उरलेली वाफ पाण्याच्या रूपाने बाहेर पडलीच पाहिजे. ज्या उष्णतेला हवा भरून जाते आणि पाणी सोडू लागते, तिला आपण दवबिंदू म्हणतो. शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. थंडीच्या दिवसांत हरभऱ्यावर पहाटे दव पडते; त्यावर धोतर पसरून सकाळी पिळून आंब काढणारे लोक आपल्याकडे आहेत. रात्री पाने थंड होतात, त्यांना टेकलेली हवा थंड होते आणि दव सोडते. एसीच्या आत तांब्याच्या नळ्यांचा एक गुच्छ असतो. कारागीर त्याला कॉईल म्हणतात. चालू यंत्रात ती कॉईल दहा अंशांच्या आसपास गार असते. खोलीतली हवा तिच्यावरून जाते तेव्हा हरभऱ्याच्या पानावर पहाटे जे घडते तेच तिथे रात्रभर घडत राहते. कॉईलखाली एक पन्हळ असते. थेंब तिच्यात गोळा होतात आणि नळीवाटे बाहेर जातात.

तरी आठ लिटर म्हणजे फारच झाले, असे मलाही वाटले होते. म्हणून हिशेब करून पाहिला. आईची खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. म्हणजे बाराशे घनफूट, सुमारे चौतीस घनमीटर हवा. आमच्याकडे मे महिन्यातल्या रात्री अशा हवेत पाऊण लिटरच्या आसपास पाणी असते. खोली गार झाली तरी त्यातले निम्मेअधिक हवेतच राहते. मग बाकीचे कुठून आले? दाराच्या फटीतून, कौलांच्या सांधीतून, दार उघडताना, माणूस आत-बाहेर करताना. नवी दमट हवा सारखी आत येत असते आणि आपले पाणी टाकत असते. शिवाय झोपलेले माणूसही श्वासातून आणि घामातून तासाला थोडेफार पाणी हवेत सोडतेच. फटी बुजवल्यावर आमची बादली आठवरून पाचावर आली, आणि विजेचे बिलही थोडे उतरले. ते का उतरले हेही समजून घेण्यासारखे आहे. वाफेचे पाणी होताना ती आपली उष्णता सोडते, आणि ती उष्णता यंत्राला बाहेर नेऊन टाकावी लागते. तासाला एक लिटर पाणी काढायचे म्हणजे एक टनाच्या यंत्राची जवळजवळ पाचवा हिस्सा ताकद नुसती पाणी पिळण्यात जाते.

हा 'टन' शब्दही मोठा गमतीचा आहे. एक टनाचा एसी म्हणजे एक टन वजनाचा नव्हे. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे नऊशे किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता बाहेर काढणारे यंत्र. घरे गार करायला खरोखरच बर्फाच्या लाद्या आणीत, त्या काळाची ती आठवण मापात राहून गेली आहे.

आणि पाणी ठिबकणे हा यंत्राचा दोष आहे असे ज्यांना वाटते, त्यांना एक जुनी हकिकत सांगितली पाहिजे. १९०२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात मोठी अडचण उभी राहिली. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आक्रसे. रंगीत छपाईत एकावर एक रंग छापायचे असतात; कागदच जागचा हलला तर रंग जागेवर बसणार कसे? विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या एका इंजिनियराकडे हे काम आले. त्याने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातले पाणी काढून घेण्याची योजना आखली. आजच्या एसीचा उगम तो. म्हणजे माणसाला गारवा देण्यासाठी नव्हे, तर हवेतले पाणी काढण्यासाठीच हे यंत्र जन्माला आले. नळीतून बाहेर ठिबकणारे पाणी ही यंत्र नीट चालल्याची खूण आहे. दमट हवेत ते ठिबकत नसेल, तरच काळजी करावी.

'दमट हवेत' असे मी मुद्दाम म्हटले. नागपूर-चंद्रपूरकडे ऐन मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की एसीतून फारसे पाणी येत नाही, आणि तो काही बिघाड नव्हे. विदर्भात कूलर चालतो त्याचेही कारण हेच. कूलर हवेत पाणी घालतो, एसी हवेतून पाणी काढतो. कोरड्या हवेत पाणी झटपट सुकते आणि सुकताना उष्णता घेते, म्हणून कूलर तिकडे सुख देतो. कोकणात तोच कूलर लावला तर गारव्याऐवजी नुसता चिकचिकाट पदरी पडतो. मुंबईच्या पाहुण्याने नागपूरच्या नातेवाइकाला, किंवा नागपूरकराने मुंबईकराला, यंत्राबद्दल सल्ला देऊ नये.

शिक्षक मंडळींना यातून एक प्रयोग सुचवतो. एका स्वच्छ पेल्यात शाईने किंवा कुंकवाने रंगवलेले पाणी घ्या, त्यात बर्फ टाका आणि पेल्यावर झाकण ठेवा. थोड्या वेळाने पेल्याच्या बाहेर थेंब दिसतील. मुलांना विचारा, पाणी पेल्यातून झिरपले का? बहुतेक मुले 'हो' म्हणतील, कारण माठ झिरपताना त्यांनी पाहिलेला असतो. मग एक पांढरा कागद बाहेरून फिरवा. कागद ओला होतो, पण त्याला रंग लागत नाही. माठाचे पाणी आतून बाहेर येते. पेल्याचे पाणी बाहेरच्या बाहेरच येते. वरच्या वर्गाला याच्या पुढे जाता येईल. चकचकीत घासलेल्या स्टीलच्या भांड्यात साधे पाणी घेऊन त्यात थर्मामीटर ठेवावा आणि बर्फाचे छोटे खडे एकेक टाकून ढवळत राहावे. भांड्याची चमक ज्या क्षणी मंद होईल, तेव्हाचा आकडा म्हणजे त्या दिवसाचा त्या गावचा दवबिंदू. पावसाळ्यात एक, पौषात एक आणि वैशाखात एक असा तीनदा हा प्रयोग केला आणि आकडे शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवले, तर आर्द्रतेचा धडा वेगळा शिकवायला नको.

आता घरात पाणी गळते त्याविषयी. बाहेर ठिबकणे हा यंत्राचा धर्म. आत गळणे हा मात्र बिघाड. त्याचे कारण शोधायला दर वेळी मोठा कारागीर लागतो असे नाही.

आमच्या गावात एक पतसंस्था आहे. तिथे एसीचे पाणी कारकुनाच्या टेबलावर पडू लागले. कर्जाच्या अर्जांचा एक गठ्ठा भिजला. ज्यांचे अर्ज होते त्यांना पुन्हा तलाठ्याकडे उताऱ्यासाठी हेलपाटे घालावे लागले. कारागीर आला, "गॅस कमी झालाय" म्हणाला, गॅस भरला, पैसे घेतले. आठ दिवसांत पाणी पुन्हा सुरू. शेवटी तिथल्या शिपायाने बाहेर जाऊन नळीचे तोंड पाहिले. कुंभारीण माशीने चिखलाचे घर बांधून ते पक्के बंद केले होते. खिळ्याने तो चिखल काढला, नळीतून गढूळ पाण्याची धार लागली आणि गळती थांबली. खर्च शून्य.

म्हणून पहिले पाहायचे ते नळीचे तोंड. चिखल, पालापाचोळा, मुंग्या, काहीही असू शकते. तोंडाला बारीक जाळीचा तुकडा बांधला तर माशी घर करीत नाही. मात्र तो तुकडा मधूनमधून धुतला पाहिजे. आतल्या पन्हळीत धूळ आणि ओल मिळून बुळबुळीत शेवाळासारखा थर होतो आणि तोही नळी बुजवतो. तो काढण्यासाठी यंत्र बंद करून पन्हळीत कोमट पाणी हळूहळू ओतावे आणि बाहेर धार येते का ते पाहावे. बाहेरून जोराने फुंकर किंवा पंप मारू नये. आतला सांधा निघाला तर पाणी भिंतीत उतरते. आणि यंत्राला हात लावण्यापूर्वी नुसते रिमोटवर बंद करून भागत नाही, भिंतीवरचे मुख्य बटण बंद केलेच पाहिजे. बटणाच्या फळ्यावरच पाणी ठिबकत असेल तर त्या बटणालाही ओल्या हाताने शिवू नये. घराचा मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला बोलवावे.

दुसरे कारण उताराचे. पाणी आपल्या पायाने चढ चढत नाही. नळीला दर मीटरला निदान एक सेंटीमीटर तरी उतार पाहिजे, आणि तो सलग पाहिजे. मध्ये कुठे झोळ पडला की तिथे पाणी आणि गाळ साचतो. भिंतीतले भोक आतून बाहेर उतरते असावे. पुष्कळ ठिकाणी ते उलटे पाडलेले असते. गवंड्याची पाणपट्टी एकदा लावून पाहिली की समजते.

या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. तात्यांच्या भिंतीचे प्रकरण झाल्यावर मी घाईने नळी लांब केली आणि तिचे टोक एका मोठ्या कॅनच्या तळाशी सोडले. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या रात्री आई ओरडली, पाणी तिच्या पांघरुणावर पडत होते. झाले होते असे की, नळीचे टोक पाण्यात बुडाले, नळीत अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाट राहिली नाही, आणि ती हवाच बुचासारखी पाणी अडवून बसली. पन्हळ भरून वाहू लागली. नळीचे टोक पाण्याच्या वर मोकळे असले पाहिजे, ही एवढीशी गोष्ट मी रात्री दोन वाजता शिकलो.

तिसरे कारण धुळीचे. यंत्राच्या पुढच्या झाकणाखाली एक जाळी असते. ती धुळीने भरली की हवा कमी जाते, कॉईल वाजवीपेक्षा जास्त गार होते आणि तिच्यावर बर्फ धरतो. यंत्र थांबले की तो सगळा बर्फ एकदम वितळतो, आणि पन्हळीला ते पाणी आवरत नाही. रस्त्याकडेच्या दुकानात किंवा स्वयंपाकघराजवळच्या खोलीत ही जाळी पंधरा दिवसांत काळी होते. ती काढून साध्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी, पुन्हा बसवावी. शाळेत हे काम आठवी-नववीची मुलेसुद्धा करतील, फक्त बटण आधी शिक्षकांनी बंद करावे आणि शिडी धरावी.

जाळी स्वच्छ असून बर्फ धरत असेल, तर मग गॅस कमी असण्याचा संभव आहे. पण इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा गॅस काही रॉकेलसारखा जळून संपत नाही. तोच तो आत फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठे तरी भोक पडले आहे. दर उन्हाळ्यात "गॅस भरतो" म्हणणाऱ्या माणसाला आधी विचारावे, "गळती कुठे आहे ती दाखवा, ती बुजवा, मग भरा." नव्या यंत्रांतला गॅस पेट घेऊ शकणाराही असतो, तेव्हा हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे.

कधी पाणी पन्हळीतून येतच नसते. यंत्रापासून बाहेर जाणाऱ्या तांब्याच्या नळीवर काळ्या फोमचे वेष्टण असते. ते उंदराने कुरतडले किंवा उन्हाने फाटले की उघड्या थंड नळीवर दव धरते आणि भिंतीवर ओघळ येतात. नवे वेष्टण चढवले की काम झाले. आणि दार सताड उघडे ठेवून एसी लावला, तर यंत्राच्या तोंडाच्या पट्ट्यांनाच घाम फुटतो. त्याला औषध एकच, दार लावणे.

उरला प्रश्न बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. हे पाणी वाफेपासून झालेले, म्हणून त्यात क्षार जवळजवळ नसतात. तेव्हा ते पिण्याजोगे आहे असा काहींचा समज होतो. तो चुकीचा आहे. ते कॉईलवरची धूळ आणि जंतू घेऊन येते, धातूचा अंशही त्यात उतरतो. ते पिऊ नये, स्वयंपाकाला घेऊ नये, गुरांपुढेही ठेवू नये. फरशी पुसायला, संडासात टाकायला, झाडांना घालायला ते चांगले. दुबईच्या बुर्ज खलिफा या आठशे अठ्ठावीस मीटर उंच इमारतीत एसीचे असे पाणी गोळा करून बागेला देतात. आमच्या पतसंस्थेने तेच छोट्या प्रमाणावर केले, दारातल्या दोन जास्वंदी त्यावर जगल्या आहेत.

तात्यांच्या भिंतीचे काम मृगाच्या आत झाले. भिजलेली माती काढली, पुन्हा लिंपली, जोत्यावर सिमेंटचा पट्टा ओढला. पैसे मी देऊ केले, तात्या घेईनात. शेवटी आईने त्यांच्या सुनेच्या हाती दिले. नळी आता बोळातून नीट उतार देऊन मागच्या बाजूला तात्यांच्या परसात नेली आहे. तिथे त्यांचे अळू आणि दोन केळी आहेत. टोक जमिनीपासून वीतभर वर, मोकळे. आई आठ-पंधरा दिवस बहिणीकडे गेली आणि यंत्र बंद राहिले, तर तात्या सकाळी कुंपणावरून विचारतात, "काय सर, पाणी नाही आलं ते?"